दीर्घ आजारात अपंगत्वाचा दाखला आणि पेन्शन : बेळगाव सीमाभागातल्या मराठी माणसांचे नेहमीचे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बारा वर्षांपासून मला संधिवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मी दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा टक्केवारी कमी बसली, दुसऱ्यांदा दाखला मिळाला. तेव्हापासून आधी गल्लीतली, मग शेजारच्या गावांतली माणसं कागदांची पिशवी घेऊन दारात येतात. ती जे विचारतात, तेच इथं जमेल तितकं सविस्तर लिहिलं आहे.

मी आजारी आहे, अपंग नाही. मग हा दाखला माझ्यासाठी आहे का?

बहुतेकांचं पाऊल इथंच अडतं. अपंग म्हटलं की आपल्याला कुबडी किंवा काळा चष्मा आठवतो. सासरी हा शब्द ऐकून घ्यायची तयारी नसते, लग्नाच्या मुलीच्या नावापुढं तर घरचे तो लागूच देत नाहीत. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यामुळं तेव्हा आजारी माणसाला फारशी जागा नव्हती. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि प्रकार एकवीस झाले. वर्षानुवर्षं अंगात राहणारे कितीतरी आजार आता त्यात आहेत. कर्नाटकाच्या कचेरीत तुम्हाला 'विकलचेतन' किंवा 'अंगविकल' हे शब्द ऐकू येतील, अर्थ तोच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. आजाराचं नाव केवढं मोठं आहे हे तपासणारे मोजत नाहीत. त्या आजारामुळं तुमच्या हातापायांचं, डोळ्यांचं, मनाचं कोणतं काम थांबलं, ते मोजतात.

माझा आजार यादीत आहे हे कसं ओळखायचं?

काही आजार यादीत थेट नावानं आहेत: थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मेंदू व मज्जासंस्थेचे जुनाट आजार आणि मानसिक आजार. त्यांच्यासाठी त्या त्या विभागाचे डॉक्टर तपासतात.

काही आजार नावानं नाहीत, पण त्यांनी मागं ठेवलेलं नुकसान यादीत बसतं. साखर, म्हणजे मधुमेह, यादीत नाही. पण साखरेनं पाय कापावा लागला तर ते चलनवलनाचं अपंगत्व, आणि डोळ्याचा पडदा खराब होऊन नजर गेली तर दृष्टीचं. लकवा मारून एक बाजू लुळी पडली तर तेही चलनवलनातच येतं. माझा संधिवातही असाच आत आला. नावाला जागा नव्हती, वाकड्या बोटांना आणि न वळणाऱ्या मनगटाला होती.

म्हणून अर्जात नुसतं 'शुगर पेशंट' लिहू नका. पाय, डोळा, हात, जे निकामी झालं ते लिहा.

आमच्या वडिलांचं आठवड्याला दोनदा डायलिसिस असतं. त्यांना दाखला मिळत नाही म्हणतात, खरं का?

खरं आहे. मूत्रपिंड निकामी होणं त्या एकवीस प्रकारांत नाही. हृदयविकार नाही, दमाही नाही. डायलिसिसचा माणूस एक दिवस यंत्रावर आणि दुसरा दिवस अंथरुणावर काढतो, त्याची रोजगारी बुडते, सोबत येणाऱ्या पोराचीही बुडते. तो या यादीबाहेर राहावा हे मला मनापासून चूक वाटतं. पण खोटी आशा लावून तुम्हाला चार खेपा घालायला लावणं त्याहून वाईट.

त्यांच्यासाठी दुसरे दरवाजे आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली गरीब कुटुंबांना सरकारी दवाखान्यात मोफत डायलिसिस मिळतं. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. डायलिसिसला जाण्यायेण्यासाठी रेल्वेची सवलत आहे. वय ६५ च्या पुढं असेल तर संध्या सुरक्षा पेन्शनचा अर्ज करा. आणि साखरेमुळंच किडनी गेली असेल तर डोळे आणि पाय जरूर तपासून घ्या, कारण तिथं दाखल्याला जागा असू शकते.

४० टक्के, ८० टक्के हा काय हिशेब आहे?

सरकारी सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. त्याखाली दाखला मिळतो, पण बहुतेक योजना बंद राहतात. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, रंगही ठरले आहेत: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं.

दोन अवयव बिघडले असतील तर टक्के सरळ बेरजेनं धरत नाहीत. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भाग मिळवतात. समजा पायाचे ३० आणि नजरेचे २० टक्के आहेत. ९० मधून ३० वजा केले, राहिले ६०. वीसला साठनं गुणून नव्वदनं भागलं, आले साधारण १३. म्हणजे एकूण ४३. पन्नास नाही, पण चाळीशी ओलांडली! नुसता पाय दाखवून परत आलेला माणूस तीसवरच अडकला असता. त्यामुळं जे जे बिघडलं ते सगळं अर्जात नोंदवा, एकही गोष्ट 'एवढं काय सांगायचं' म्हणून सोडू नका.

अर्ज कुठं करायचा? दाखला वेगळा आणि यूडीआयडी कार्ड वेगळं का?

आता दोन्ही एकाच अर्जातून मिळतं. जून २०२१ पासून दाखले केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच दिले जातात. मोबाईलवरून स्वतः भरता येतो, नाहीतर ग्राम वन (Grama One) या गावातल्या सरकारी सेवा केंद्रात जा, बेळगाव शहरात असाल तर बेळगाव वन. आधार कार्ड, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि आजाराचे कागद एवढं लागतं. मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. पुतण्याचा नंबर दिला, तो पुण्याला गेला आणि ओटीपी त्याच्याकडं, अशी अडकलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

अर्जात दवाखाना निवडावा लागतो. तुमच्या तालुक्याचा सरकारी दवाखाना किंवा बेळगावचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते, बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं. मज्जासंस्थेचे किंवा रक्ताचे आजार असतील तर तालुक्यात ते तपासणारा डॉक्टर बहुधा नसतो, सरळ बेळगाव निवडा. नियमांप्रमाणं तीन महिन्यांच्या आत निर्णय व्हायला हवा.

आणि एक माणूस आहे, ज्याची ओळख गावात फार कमी जणांना असते: ग्रामपंचायतीत बसणारा ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता, कचेरीच्या भाषेत व्हीआरडब्ल्यू. तो स्वतः बहुतेक वेळा दिव्यांगच असतो आणि अर्ज भरून देणं हे त्याचं कामच आहे. पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे पीडीओंना, विचारा, नंबर मिळेल.

माझे सगळे उपचार कोल्हापूर–मिरजेला झाले. ते कागद इथं चालतात का?

चालतात. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळचं, त्यामुळं हा प्रश्न तिकडून फार येतो. एक्स-रे, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड हे पुरावे आहेत, ते कुठल्याही राज्यातले किंवा खासगी दवाखान्यातले असले तरी बिघडत नाही. दाखला मात्र सरकारी वैद्यकीय अधिकारीच देतात.

नियमात आणखी एक सोय आहे. ज्या सरकारी दवाखान्यात तुमच्यावर त्या अपंगत्वासाठी उपचार झाले, तिथंही दाखल्यासाठी अर्ज करता येतो, आणि दाखला देशभर चालतो. तरीही माझा सल्ला आपल्याच जिल्ह्यातून काढण्याचा. पुढं पेन्शनच्या वेळी इथल्या कारकुनाला ओळखीचा कागद दिसला की एक प्रश्न कमी येतो.

तपासणीच्या दिवशी काय करावं?

माझं काय चुकलं ते सांगते.

मे महिना होता, वेळ दुपारची. पहाटे उठून गोळ्या घेतल्या, कडक पाण्यानं हात शेकले. जावेनं वेणी घालून दिली, ठेवणीतली साडी नेसवली. सरकारी डॉक्टरांपुढं नीट जायचं, ही आपली रीत. संधिवात पहाटे सगळ्यात जास्त धरतो आणि ऊन चढेल तसा सैलावतो. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली. वळली. कशी आहे तब्येत, विचारलं. तोंडातून सवयीनं निघालं, "बरी आहे." दाखल्यावर चाळिशीच्या आतला आकडा आला.

त्याच पहाटे मला नळाची तोटी फिरवता आली नव्हती, हे त्या खोलीत कुणालाच कळलं नाही. मी सांगितलंच नाही.

दुसऱ्या वेळी दोन महिने आधी मुलाच्या जुन्या वहीत रोज लिहीत गेले. किती वाजता मूठ मिटली. भाकरी थापता आली की नाही. ब्लाऊजची हुकं कुणी लावली. जिना चढताना किती वेळा थांबले. ती वही नेली, हातांचे नवे एक्स-रे नेले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र नेलं. पत्रात नुसतं आजाराचं नाव नको. 'मनगट इतकं वळतं, पकड कमी आहे, सकाळी दोन तास हात आखडलेले असतात' असं काम न होण्याबद्दल लिहून घ्या. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना तुमचा वाईट दिवस दिसत नाही, तो कागदावर न्यावा लागतो.

औषध बंद करून मात्र जाऊ नका. दुखणं वाढवून घेण्यात शहाणपण नाही. वाढवून सांगूही नका, कारण खोटेपणानं लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायद्यात आहे. आणि वाढवून सांगायची गरजही नसते. आपण बायका तर कमीच सांगतो. सोबत घरातलं असं माणूस न्या ज्यानं तुम्हाला पहाटे पाहिलं आहे.

मानसिक आजाराला खरंच दाखला मिळतो?

मिळतो. त्यासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी घेणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टी आणि आजाराला किती काळ झाला, हे पाहतात. सरकारी मनोविकार तज्ज्ञ लागतो. धारवाडची डिमहान्स ही संस्था याच कामाची आहे. या आजाराचे जुने केसपेपर लोक लाजेनं फाडून टाकतात. कृपा करून फाडू नका, आजार किती वर्षांचा आहे हे त्यांच्यावरूनच सिद्ध होतं.

सगळे फॉर्म कन्नडमध्ये असतात. मला वाचता येत नाही, काय करू?

सीमाप्रश्नावर माझीही मतं आहेत. पण आजारी माणसाची ताकद मोजकी असते, ती आधी कामाला लावावी असं मला वाटतं. म्हणून हे शब्द पाठ करून ठेवा: हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, विळास म्हणजे पत्ता, वयस्सु म्हणजे वय, आदाय म्हणजे उत्पन्न, वासस्थळ म्हणजे रहिवास, पडितर चीटी म्हणजे रेशनकार्ड, मासाशन म्हणजे पेन्शन, अर्जी म्हणजे अर्ज. एवढ्यावर निम्मा फॉर्म कळतो. तपासणीत बोलताना 'मुंजाने' म्हणजे सकाळी, 'नोवु' म्हणजे दुखणं आणि 'आगूदिल्ल' म्हणजे होत नाही, हे तीन शब्द मला फार उपयोगी पडले. बेळगावात बहुतेक डॉक्टरांना मराठी किंवा हिंदी समजतं, तेव्हा घाबरून गप्प बसू नका.

कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नका, आधी वाचून घ्या. तक्रार अर्ज मात्र मराठीत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. मी स्वतः मराठी अर्जाला चार ओळींचा कन्नड सारांश जोडते, त्यामुळं फाईल टेबलावर पडून राहत नाही.

शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. अडेल का?

अडतं, आणि आपल्याकडं फार अडतं. मराठी शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, रेशनकार्ड कन्नडमध्ये सासरच्या नावाचं, आधारवर इंग्रजीत मारुतीच्या स्पेलिंगात एक अक्षर जास्त. यूडीआयडीवर आधारचंच नाव येतं, म्हणून आधी आधार दुरुस्त करा, मग बँक पासबुक आणि रेशनकार्ड त्याच्याशी जुळवा. हे काम अर्ज करण्याआधीच करून घ्या. नंतर केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पेन्शन किती मिळते आणि कोण देतं?

दाखला निघाला म्हणजे पगार सुरू झाला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं, पेन्शनचा अर्ज वेगळा. तो आपल्या होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या आपल्या भागाच्या, नाडकचेरीत (महसूल कचेरीत) किंवा ग्राम वनमध्ये द्यायचा. यूडीआयडी, आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला जोडायचा. गावचा तलाठी चौकशी करतो आणि तहसीलदारांच्या आदेशानं मंजुरी मिळते. कर्नाटकात ४० टक्क्यांपासून महिना ८०० रुपये आणि ७५ टक्क्यांवर १४०० रुपये, असा दर आहे. औषधांनाही पुरत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी सोडू नका.

अर्ज दिल्यावर सकाल या कर्नाटकाच्या वेळेत सेवा देण्याच्या योजनेचा जीएससी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंदणी क्रमांक, असलेली पावती मागून घ्या. ती पावती नसेल तर तुमचा अर्ज कचेरीत आलाच नाही असं म्हणायला त्यांना मोकळीक राहते.

विधवा किंवा वृद्धापकाळ पेन्शन आधीच सुरू असेल तर दुसरी मिळत नाही, ज्यात रक्कम जास्त ती धरा. घरातल्या कर्त्या बाईला मिळणारे गृहलक्ष्मीचे २००० रुपये वेगळ्या योजनेतले आहेत, त्यांची या पेन्शनशी गल्लत करू नका.

महाराष्ट्र सरकार सीमाभागाला मदत करतं ना? तिकडून अपंग पेन्शन मिळेल का?

नाही. तिथली पेन्शन देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षं रहिवास लागतो. भाच्याच्या पत्त्यावर कागद करून दोन्हीकडून पेन्शन घेऊ, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. पण ती उपचाराच्या खर्चासाठी आहे, महिन्याच्या पैशासाठी नाही. ऑपरेशन किंवा मोठा उपचार ठरला असेल तर त्या योजनेची चौकशी जरूर करा.

टक्के कमी दिले किंवा नाकारलं, तर?

आधी कारण लेखी मागा. नाकारताना कारण लेखी देणं नियमानं बंधनकारक आहे. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलात 'माझ्यावर अन्याय झाला' एवढंच लिहून भागत नाही. पहिल्या वेळी जे दाखवायचं राहिलं ते दाखवा: नवा रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र, दिनचर्येची वही.

एजंट पाच हजारांत काम करून देतो म्हणतो.

यूडीआयडीच्या अर्जाला सरकारी फी नाही. एजंट जे करतो ते व्हीआरडब्ल्यू फुकट करतो. टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्याला तर दारात उभं करू नका, पुढं फेरतपासणी झाली तर तो नसतो, तुम्ही असता.

बस आणि रेल्वेची सवलत?

दिव्यांगांसाठी राज्याच्या बसचा वर्षाचा पास ६६० रुपयांत मिळतो, राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरपर्यंत. बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये शक्ती योजनेत तसंही तिकीट लागत नाही, तेव्हा पास पुरुषांना जास्त उपयोगी. रेल्वेची सवलत सगळ्यांना नसते. सोबतीशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग, अंध, मूकबधिर, मतिमंद आणि काही ठरावीक आजारांचे रुग्ण यांनाच ती मिळते.

पेन्शन येत होती, अचानक थांबली.

आधी बँकेत जाऊन खात्याला आधार जोडलेलं आहे का पाहा, बहुतेक वेळा गाठ तिथंच असते. मग दाखल्याची मुदत पाहा. ते दोन्ही ठीक असेल तर नाडकचेरीत जा. तलाठी चौकशीला आला तेव्हा तुम्ही मुलीकडं गेला होता आणि 'गावात राहत नाही' अशी नोंद झाली, असंही घडतं. तहसीलदार पेन्शन अदालत भरवतात, तिथं पासबुक आणि मंजुरीचा आदेश घेऊन हजर राहा.

दाखल्यावर 'तात्पुरता' लिहिलं आहे. याचा अर्थ काय?

तुमचा आजार कमीजास्त होऊ शकतो असं डॉक्टरांना वाटलं की ते मुदत घालतात. दीर्घ आजारात हे नेहमीचं आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, कारण मधल्या काळात पेन्शन थांबली तर पुन्हा सुरू करायला खेपा पडतात. माझ्या दाखल्याची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे, आणि दिवाळीला नवं कॅलेंडर आलं की माझी जाऊ आठवणीनं ती नव्यावर उतरवते.